श्रीमंत नागोजीराव दुडदुडे यांचं कुलचिन्ह

एका जंगलात, जिथे डांबरी रस्ता अजून पोचला नव्हता पण मोठेपणा केव्हाच पोचला होता, नागोजी दुडदुडे नावाचा एक ससा राहत असे.

मुलांनो, तुम्ही विचाराल, सशाला आडनाव कशाला? थोडं थांबा. आडनावापासून तर सुरुवात झाली.

नागोजीचं बीळ एका करवंदीच्या जाळीखाली होतं. ते त्याच्या आजोबांनी खणलेलं. तोंडावर वाळका पाला असा पसरलेला, की कुणी शेजारून गेलं तरी तिथे घर आहे हे कळू नये. तीन पिढ्यांत त्या घरी एकही पाहुणा वाट न चुकता पोचला नव्हता. नको असलेला पाहुणा तर अजिबातच नाही. नागोजीची बायको भागीरथी रोज सकाळी उठून तो पाला सारखा करायची. त्यांना पाच पिल्लं होती आणि पाचही जिवंत होती. सशांच्या घरात ही फुशारकी मारण्यासारखी गोष्ट आहे. पण नागोजीला ती तशी कधी वाटली नाही.

मग एका साळिंदराच्या मुलीचं लग्न निघालं.

नागोजी सहकुटुंब गेला. मांडवाच्या तोंडाशी एक रानडुक्कर पाहुण्यांना बसवून घेत होतं. त्याने नागोजीला नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग विचारलं, "आपलं कुलचिन्ह?"

नागोजीला प्रश्नच समजला नाही. रानडुकराने त्याला शांतपणे मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. पुढच्या रांगेत लोड होते, तक्के होते. तिथे बसलेल्या प्रत्येकाकडे काही ना काही चिन्ह होतं. कासवाने तर पाठीवरच कोरून घेतलं होतं. आणि सगळ्यांच्या मधोमध, लोडाला टेकून, एक उंदीर बसला होता. त्याच्या उपरण्यावर दोन तलवारी आणि मध्ये ज्वारीचं कणीस काढलेलं होतं.

मागच्या रांगेपर्यंत लाडू आलेच नाहीत.

घरी आल्यावर नागोजी कुणाशी बोलेना. भागीरथीने कोवळं गवत पुढे ठेवलं, ते तसंच राहिलं. शेवटी तो म्हणाला, उंदराला लोड मिळाला. भागीरथीने त्याला समजावलं, की लोडाला टेकून बसलं की उठून पळायला वेळ लागतो, आपण मागे बसलो तेच बरं. हे बोलणं शहाणपणाचं होतं. म्हणूनच नागोजीला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी तो अण्णासाहेब लांबशेपट्यांकडे गेला.

अण्णासाहेब हे वानर होते. जंगलाच्या कडेला एका जुन्या संस्थानिकांचा राजवाडा होता. त्याच्या गच्चीवर त्यांनी तीन वर्षं काढली होती. वाड्याच्या दरवाज्यावर दगडात कोरलेलं मोठं कुलचिन्ह होतं, आणि अण्णासाहेब ते रोज गच्चीच्या कठड्याला लोंबकळून पाहत असत. त्यामुळे ते त्यांना नेहमी उलटं दिसलं. पण जंगलात दुसऱ्या कुणी तेवढंही पाहिलं नव्हतं. परत आल्यावर अण्णासाहेब कुलचिन्हांचे जाणकार झाले.

त्यांनी नागोजीला समोर बसवलं आणि घराण्याचा पराक्रम विचारला.

नागोजीने खूप आठवून पाहिलं. घराण्यात सगळे पळालेले होते. जे पळाले नव्हते त्यांना पुढे घराणं उरलं नव्हतं. अखेर त्याला पंजोबांची एक गोष्ट आठवली. ती घरात हसण्यासाठी सांगितली जायची. पंजोबा एकदा वाघासमोर आले आणि भीतीने त्यांचे पाय जागच्या जागी गोठले. वाघ नुकताच जेवला होता. त्याने जांभई दिली आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे आपले पंजोबा वाघासमोर निश्चल उभे राहिले. आणि वाघाने पाठ दाखवली."

नागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं आपण त्या थोर सशाला हसत होतो, या विचाराने त्याला फार अपराधी वाटलं.

आठवड्याभरात कुलचिन्ह तयार झालं. मध्ये ढाल. ढालीच्या उजवीकडे सिंह, डावीकडे सिंह, दोघेही मागच्या पायांवर उभे. ढालीवर पाठ फिरवून चाललेला वाघ. वर मुकुट, आणि मुकुटातून बाहेर आलेले दोन लांब कान. खाली फितीवर ब्रीदवाक्य होतं : "आम्ही मागे वळून पाहत नाही."

भागीरथीने ते वाचलं आणि ती म्हणाली की हे मात्र खरं आहे, आपल्यात ज्याने ज्याने मागे वळून पाहिलं तो परत आला नाही. नागोजीने तिला सांगितलं की काही गोष्टी तिच्या डोक्यावरून जातात.

मोबदला म्हणून घरात वाळवून ठेवलेली सगळी बोरं अण्णासाहेबांकडे गेली. ती खाता खाता त्यांनी नागोजीला पुढचा धडा दिला. चिन्ह असणं पुरेसं नाही, ते दिसलं पाहिजे. पूर्वी चिन्ह ढालीवर असायचं, आणि ते चारचौघांना दाखवायचं तर लढाईला जावं लागायचं. आता काळ सुधारला आहे. आता लढाईची कटकट नाही. दाखवण्याचे नवे, सोयीचे मार्ग निघाले आहेत.

ते मार्ग असे होते, मुलांनो.

आधी बिळासमोरचा पाला झाडून काढला, कारण पाल्याने प्रवेशद्वार झाकलं जात होतं. मग करवंदीची जाळी छाटली. तिचे बोटबोटभर खुंट तेवढे राहिले. बिळाच्या तोंडाशी एक सपाट दगड उभा केला आणि त्यावर गेरूने आणि पांढऱ्या मातीने चिन्ह रंगवलं. ओढ्यापासून घरापर्यंत बाणांचे दगड लावले. पहिल्यावर लिहिलं होतं, "दुडदुडे कुलनिवास, दोनशे उड्या." पुढच्यावर "शंभर उड्या." शेवटच्यावर "आपण पोचलात."

मग निशाण आलं. कुटुंबप्रमुख घरी असला की मोठं निशाण चढवायचं, चरायला गेला की उतरवायचं. पिल्लांची छोटी निशाणं वेगळी, पाच. घरात कोण आहे आणि किती आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच कळावं, ही मोठ्या घराण्यांची रीत आहे, असं अण्णासाहेब म्हणाले.

शिवाय पोपट होते. पोपटांचा एक थवा रोज सकाळी जंगलावरून फिरत असे आणि ज्याचं चिन्ह असेल त्याची खबर ओरडून सांगत असे. श्रीमंत नागोजीराव आज उंबराखाली. श्रीमंत नागोजीराव आज ओढ्यावर, सहकुटुंब. ज्याची खबर पोपट सांगत नसत, तो आहे की गेला याबद्दलच लोकांना शंका येऊ लागली होती.

अण्णासाहेबांची आणखी एक सूचना होती. सशाच्या लेंड्या जंगलभर पडतात, तेव्हा त्यांवरही मुद्रा उमटवावी. ही सूचना भागीरथीने मोडीत काढली. शिक्के कोण मारत बसणार, एवढंच तिने विचारलं.

आणि सगळ्यांत शेवटी नागोजीने पाठीवर बांधायला सागाच्या सालीची एक ढाल करून घेतली. तिच्यावर तेच चिन्ह. म्हणजे घरापासून दूर असतानाही तो कोण आहे हे कळावं.

मान तर मिळालाच. रानडुक्कर वाटेत थांबून नमस्कार करू लागलं. उंदीर घरी येऊन गेला आणि चिन्हातल्या सिंहांचं कौतुक करून गेला. नागोजी चालायला लागला. म्हणजे उड्या मारायच्या सोडून चालायला लागला, कारण उडी मारली की ढाल हलायची.

भागीरथीला मात्र झोप लागेना. ती दिवसभर बिळाच्या आतल्या बाजूला माती उकरत बसे. विचारलं तर सांगे, मागच्या अंगाला एक वाट काढते आहे. नागोजी म्हणाला, प्रतिष्ठित घराला मागचं दार शोभत नाही. ती उकरत राहिली.

आता या गोष्टीत बिबट्या येतो.

त्याला सगळे आबा म्हणत. लांबून म्हणत. आबा म्हातारे झाले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, नाकाला वास येत नव्हता. दोन वर्षं ते ओढ्यातल्या खेकड्यांवर दिवस काढत होते आणि खेकडे त्यांना पचत नव्हते. एके सकाळी खेकडा शोधता शोधता त्यांना बाणाचा दगड दिसला. कुणीतरी आपली चेष्टा करतंय असं वाटून ते आधी रागावले. इतक्यात वरून पोपट गेले.

"श्रीमंत नागोजीराव निवासस्थानी आहेत. सौभाग्यवती आणि पाचही चिरंजीव निवासस्थानी आहेत."

आबा बाणाच्या दिशेने निघाले.

भागीरथीला जमिनीतून पावलं कळली. तिने हाक मारली, पिल्लांना पुढे घातलं आणि नव्या वाटेने बाहेर काढलं. नागोजी तेव्हा दारात होता. दगडावरचा गेरू ओल्या बोटाने नीट करत होता. त्याने वर पाहिलं, तर आबा "आपण पोचलात" या दगडापाशी उभे राहून तो वाचत होते.

नागोजी पळाला. त्याने तेच करायला हवं होतं आणि त्याने ते केलं. पण पाठीवरची ढाल छाटलेल्या करवंदीच्या खुंटांत अडकली. तो ओढत राहिला, दोरी तुटेना. आबांचा पंजा आला. पंजाबरोबर ढाल गेली, दोरी गेली आणि डाव्या कानाचा अर्धा तुकडा गेला. मोकळा झाल्यावर नागोजी जो सुटला तो ओढ्यापलीकडे जाऊन थांबला. मागे त्याने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी एका अर्जुनाच्या झाडाच्या मुळांत सगळे एकमेकांना भेटले. भागीरथीने पिल्लं मोजली, पुन्हा मोजली. मग पाला चावून तिने त्याचा लगदा नागोजीच्या कानावर दाबून धरला. तो म्हणाला, मला फार भीती वाटली. लग्न झाल्यापासून त्याने इतकं खरं काही तिला सांगितलं नव्हतं. ती त्याला चिकटून बसून राहिली.

ही गोष्ट इथे संपली असती तर किती साधी झाली असती. पण सकाळी अण्णासाहेब विचारपूस करायला आले.

त्यांनी कान पाहिला आणि काय घडलं ते विचारलं. नागोजी खरं सांगायलाच लागला होता. पण अण्णासाहेबांना खरं ऐकण्याची सवय नव्हती. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे आबा समोर आले, तेव्हा आपण त्यांच्याकडे पाहत उभे होतात?"

नागोजीने आठवून पाहिलं. आबांकडे त्याने पाहिलं होतं, हे खोटं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

एवढ्याशा शब्दावर पोपटांनी आठ दिवस काढले. पहिल्या दिवशी नागोजीराव आबांसमोर उभे राहिले होते. तिसऱ्या दिवशी ते तासभर नजरेला नजर भिडवून उभे होते. आठव्या दिवशी आबांनी त्यांच्यापुढे मान खाली घातली होती. रानडुकराने सभा भरवली. नागोजीला लोड मिळाला, आणि या वेळी उंदीर त्याच्या डावीकडे बसला. नागोजीने भाषणात सांगितलं की हे सगळं कुलचिन्हाच्या तेजामुळे घडलं. त्याला आता तसंच आठवत होतं.

पंधरा दिवसांत जंगलात बिनचिन्हाचं घर शोधून सापडेना. भेकरं, तितर, घुशी, सगळ्यांनी दगड उभे केले. वाटा बाणांनी भरून गेल्या. कुठे जायचं असेल तर कुणाला विचारावं लागेना. आबांनाही विचारावं लागेना.

आबांनी खेकडे सोडले. त्यांच्या अंगावर तकाकी आली. इकडे एकेका घराचं उतरलेलं निशाण पुन्हा चढेनासं झालं. उंदराचं गेलं. साळिंदराच्या जावयाचं गेलं. तितरांची तर एका दिवसात सहा गेली. अण्णासाहेब प्रत्येक ठिकाणी जाऊन दगडाभोवती कोळशाची काळी चौकट काढून येत. चौकटीने चिन्हाला उठाव येतो, असं ते घरच्यांना सांगत आणि घरच्यांना ते ऐकून जरा बरं वाटे.

भागीरथीने अर्जुनाच्या मुळांतल्या घराला दगड लावू दिला नाही. पाहुण्यांना भेटायचं तर जुन्या घरी जाऊन भेटा, ती म्हणाली. त्यामुळे नागोजी रोज सकाळी जुन्या घरी जायचा, तिथल्या दगडापाशी बसायचा, लोकांना ती हकिगत सांगायचा आणि उन्हं कलली की चोरून घरी यायचा.

एके दिवशी आबांनी अण्णासाहेबांना बोलावणं पाठवलं.

अण्णासाहेब गेले आणि सगळ्यांत उंच फांदीवर बसले. आबा म्हणाले की जंगलात सगळ्यांना कुलचिन्ह आहे, फक्त आपल्यालाच नाही, हे बरं दिसत नाही. अण्णासाहेबांनी सिंह सुचवले. आबांना सिंह नको होते. चिन्हावर आपल्याला जे मनापासून प्रिय ते असावं, असं त्यांचं मत होतं. त्यांना ससा हवा होता. हिरव्या गवतावर उभा असलेला एकच ससा. आणि तो मनाने काढलेला नको, समोर उभा करून काढलेला हवा. नागोजीरावांखेरीज दुसरा कोण शोभणार?

आमंत्रण पळसाच्या पानावर आलं. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी आबांच्या अधू डोळ्याला चिन्ह दिसलं नाही, नाहीतर असा प्रमाद घडला नसता. आता दोन थोर घराण्यांचा स्नेह जुळावा, ही इच्छा.

पोपटांनी ते आधीच जंगलभर सांगितलं होतं.

नागोजी दुपारी पान घेऊन घरी आला. भागीरथीने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. तिने त्याला सांगितलं की आजच निघू, डोंगरापलीकडे जाऊ, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. नागोजी म्हणाला, तेच तर.

मग तो म्हणाला, की मी नाही गेलो तर सगळ्यांना कळेल मी त्या दिवशी पळालो होतो.

"पळालात म्हणून घरी आलात," भागीरथी म्हणाली. "मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता. मी बोलले नाही, ती माझी चूक."

नागोजीने खाली पाहिलं. हे तिने आधी सांगितलं असतं तर, असं त्याला वाटून गेलं. पण बाहेर पोपट ओरडत होते, आणि त्यांचा आवाज मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. रानडुक्कर, कासव आणि उरलेली मंडळी त्याला नाल्यापर्यंत पोचवायला आली. नाल्यापुढे कुणी गेलं नाही. तिथून पुढे त्याचा मान एकट्याचा आहे, असं रानडुकराने छोट्या भाषणात सांगितलं. अण्णासाहेब झाडाझाडांवरून गेले.

पुढचं अण्णासाहेबांनी नंतर सांगितलं ते असं.

नागोजी आबांच्या गुहेसमोरच्या गवतावर उभा राहिला. त्याचे पाय कापत होते, पण फांदीवरून ते रुबाबदार दिसत होतं. आबा म्हणाले, जरा डावीकडे. नागोजी सरकला. आबा म्हणाले, जरा जवळ, एकाच डोळ्याने दिसतं. नागोजी जवळ आला. तो सगळ्या वेळात एकदाच बोलला.

"उजव्या बाजूने काढा," तो म्हणाला. "डावा कान फाटका आहे."

अण्णासाहेबांनी उजव्या बाजूने सुरुवात केली. कान झाले, डोळा झाला, पुढचे पाय झाले. चित्र पूर्ण व्हायच्या आत आबांना भूक लागली.

राहिलेला ससा अण्णासाहेबांनी आठवणीतून काढला.

चिन्ह फार सुंदर झालं. गुहेवर ते अजून आहे. एका साध्या सशाच्या घराण्याला बिबट्याच्या कुलचिन्हावर जागा मिळाली, असा सन्मान त्या जंगलात ना आधी कुणाला मिळाला होता ना नंतर मिळाला. सगळे लांबून येऊन ते पाहून गेले. भागीरथीचा मानाची शाल देऊन गौरव करायचा असं सभेत ठरलं. पण शाल द्यायला गेले तर अर्जुनाच्या मुळांत कुणीच नव्हतं. दगड नाही, बाण नाही, निशाण नाही. पोपट तीन दिवस शोधत फिरले आणि परत आले. पाच पिल्लं आणि एक ससी नेमकी कुठे गेली, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, ज्यांना कुलचिन्ह नसतं त्यांची अवस्था फार वाईट होते. भागीरथीच्या वंशात आज शंभरावर ससे आहेत, सगळे धडधाकट आहेत, आणि त्यांतल्या एकालाही जंगलात कुणी ओळखत नाही. असं निनावी आणि लांबलचक आयुष्य तुमच्या वाट्याला येऊ नये असं वाटत असेल, तर आजच दारावर आपलं चिन्ह लावा. खाली पत्ता लिहायला विसरू नका. अक्षर मोठं काढा. वाचणाऱ्याला एकाच डोळ्याने दिसत असेल.